रागाची जात विचारा, आमची नको

मित्रहो, फेब्रुवारी-मार्च उजाडला की व्हॉट्सअॅपवर उन्हाळी संगीत शिबिरांची पत्रके फिरू लागतात. 'निवासी गुरुकुल', 'नामवंत गुरूंचे मार्गदर्शन', 'मे महिन्यात तीन आठवडे', आणि तळाला बारीक अक्षरात एक ओळ : प्रवेश ऑडिशनद्वारे, केवळ गुणवत्तेनुसार. आम्हाला या शेवटच्या ओळीबद्दल बोलायचे आहे. कारण 'केवळ गुणवत्तेनुसार' हे शब्द आमच्या समाजाने वैद्यकीय प्रवेशापासून प्राध्यापकाच्या मुलाखतीपर्यंत सगळीकडे ऐकले आहेत, आणि ते कुणासाठी दार उघडतात आणि कुणासाठी लावून घेतात हे आपल्याला पाठ आहे.

आमचे म्हणणे सुरुवातीलाच सांगून टाकतो. शास्त्रीय संगीताच्या या ऑडिशनमध्ये परीक्षा मुलाची होत नाही, त्याच्या घराची होते. तरीही आपल्या मुलामुलींनी हे फॉर्म भरायचेच. आणि फॉर्म भरता भरता ऑडिशनचे नियम बदलायला लावायचे. यातली एकच गोष्ट केली आणि दुसरी सोडली, तर पदरात काही पडणार नाही.

फॉर्म काय विचारतो?

मागच्या उन्हाळ्याआधी आम्ही नगर जिल्ह्यातल्या तीन मुलांचे अर्ज मोठ्या शहरातल्या एका शिबिरासाठी भरले. पाथर्डी तालुक्यातला हलगी आणि ढोलकी वाजवणारा एक मुलगा, श्रीरामपूर भागातली भीमगीते गाणारी एक मुलगी, आणि नगर शहरातल्या वस्तीतला चर्चमध्ये हार्मोनियम वाजवणारा एक मुलगा. फॉर्म इंग्रजीत होता. पहिला प्रश्न गुरूंचे नाव. दुसरा घराणे. तिसरा, उत्तीर्ण झालेल्या परीक्षा. चौथा, एका रागात बडा ख्याल आणि छोटा ख्याल गातानाचा व्हिडिओ, तानपुरा आणि तबल्याच्या साथीसह, मागे आवाज नको. पाचवा, ओळखीच्या कलाकाराचे शिफारसपत्र. सहावा, 'तुम्हाला संगीत का आवडते' यावर तीनशे शब्दांचा निबंध. शेवटी ऑनलाइन भरायची, परत न मिळणारी फी.

एकेक प्रश्न नीट बघा. 'परीक्षा' म्हणजे बहुतेक वेळा अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा : प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण. वर्षाला एक म्हटली तरी ही पाच वर्षांची शिदोरी झाली. पाच वर्षे शिकवणीची फी, परीक्षेची फी, घरात पेटी, आणि तालुक्याच्या गावी नेऊन आणणारे कुणीतरी मोठे माणूस. ज्या घरात आई रोजंदारीवर आणि बाप हमालीवर जातो, तिथे हे 'कुणीतरी' आणायचे कुठून? 'मागे आवाज नको' ही अट पत्र्याच्या दोन खोल्यांत, शेजारी पिठाची गिरणी असताना कशी पाळायची? हे प्रश्न पात्रतेचे दिसतात. प्रत्यक्षात ते उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला मागतात, फक्त तहसीलदाराच्या शिक्क्याशिवाय.

हलगीवाल्या मुलाचा अर्ज 'वाद्य यादीत नाही' म्हणून पहिल्याच फेरीत गेला. पेटीवाल्याकडे शिफारसपत्र नव्हते. मुलगी ऑडिशनपर्यंत पोचली. तिला सांगण्यात आले की आवाज फार चांगला आहे, पण 'उच्चार शुद्ध नाहीत' आणि 'गाण्यावर संस्कार झालेले नाहीत'. कुणी शिवी दिली नाही, कुणी दारातून हाकलले नाही. सगळे गोड बोलले. पण 'शुद्ध' आणि 'संस्कार' हे दोन शब्द या मातीत कुठून येतात आणि कुणाला उद्देशून वापरले जातात, हे आम्हाला कुणी शिकवायला नको.

या क्षेत्राची भाषाच ऐका : घराणे, खानदानी चीज, घरंदाज गायकी, शुद्ध, संस्कार. जन्माने मिळणाऱ्या गोष्टींचे शब्द गुणाला चिकटवले आहेत. गंमत अशी की संगीतशास्त्रात रागाला खरोखरच 'जाती' असते. पाच स्वरांचा राग औडव, सहांचा षाडव, सातांचा संपूर्ण. ती जात स्वर मोजून ठरते, कुणाच्या पोटी जन्मला यावरून नाही. ऑडिशनला बसलेल्या परीक्षकांनी तेवढीच जात विचारावी. ती आम्ही मुलांना शिकवून पाठवू.

हे संगीत कुणाचे?

दोन बाजूंचे लोक एकच चूक करतात. पलीकडचे म्हणतात, ही आमची प्राचीन परंपरा. आपल्यातले काहीजण म्हणतात, हो, ही बामणांचीच परंपरा, आपल्याला काय करायची? दोघांनीही इतिहास वाचलेला नाही.

नाट्यशास्त्राच्या पहिल्याच अध्यायात सांगितले आहे की चार वेद शूद्रांना ऐकता येत नाहीत, म्हणून सर्व वर्णांसाठी हा पाचवा वेद निर्माण केला. त्याच ग्रंथाच्या शेवटी भरताच्या पुत्रांना शूद्र होण्याचा शाप मिळाल्याची कथा आहे. म्हणजे नाचणारा-गाणारा-वाजवणारा शूद्र, ही त्यांच्याच ग्रंथाची साक्ष. पुढे अनेक शतके ख्याल आणि धृपद जपले ते मुसलमान उस्तादांनी आणि ज्यांना समाजाने 'बाई' म्हणून बाजूला बसवले त्या गायिकांनी. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी प्रतिष्ठित ब्राह्मण घरातल्या मुलीने मैफलीत गाणे ही नाक कापणारी गोष्ट होती. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर गोव्याच्या कलावंत समाजातून आल्या. गंगूबाई हनगल उपेक्षित समाजातल्या. १९२४ च्या बेळगाव काँग्रेस अधिवेशनात त्या लहान वयात गांधीजींसमोर गायल्या. तेव्हा धास्ती स्वरांची नव्हती, जातीमुळे मिळणाऱ्या वागणुकीची होती, असे त्यांनीच पुढे सांगितले. त्यांना सवाई गंधर्वांची तालीम मिळाली, हुबळीहून रेल्वेने कुंदगोळला जाऊन त्या शिकल्या आणि २००२ मध्ये पद्मविभूषण झाल्या. तालीम मिळाली की काय होते, याचा हा पुरावा. 'संस्कार' रक्तातून येत नाहीत, शिकवल्याने येतात.

मग हे संगीत एका वर्गाच्या ताब्यात गेले कधी? विष्णू दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. भातखंड्यांनी उस्तादांकडच्या बंदिशी स्वरलिपीत बांधून मराठीतून क्रमिक पुस्तके छापली. उस्तादाची मर्जी सांभाळण्याऐवजी वर्ग, पुस्तक, परीक्षा आणि प्रमाणपत्र आले. हे पाऊल आम्ही मोठेच मानतो. पण ज्याच्या हातात आधीच पाटी-पुस्तक होते, तोच या वर्गात जाऊन बसला. आमच्या आज्या-पणज्या तेव्हा शाळेच्या ओट्याबाहेर होत्या. दार उघडले ते माजघरातून दिवाणखान्यात जायचे, गावकुसाबाहेरचे नव्हे.

दोन राजांची आठवण इथे करायला हवी. बडोद्याच्या सयाजीरावांनी १८८६ मध्ये मौलाबक्षांच्या हाताखाली संगीत शाळा सुरू केली, आणि त्याच सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबियाला गेले. शाहू महाराजांनी १९०२ मध्ये नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा राखल्या, आणि त्यांच्याच दरबारात अल्लादिया खाँ होते. एकाच तिजोरीतून एका हाताने संगीताला आणि दुसऱ्या हाताने आमच्या शिक्षणाला पैसा मिळत होता. हे दोन हात एकत्र आणण्याचे काम स्वतंत्र भारताच्या सरकारने करायचे होते. ते अजून व्हायचे आहे.

पडदा लावला की झाले?

कुणी म्हणेल, मग पडद्यामागून ऑडिशन घ्या, नाव-गाव लपवा. ही मागणी योग्य आहे आणि नवीनही नाही. १९५० च्या दशकात बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री असताना आकाशवाणीने ऑडिशन मंडळे नेमली आणि परीक्षकांना कलाकार दिसू नये अशी व्यवस्था केली. बी, बी हाय, ए, टॉप ही श्रेणींची उतरंड आजही आहे. पण त्याच्याआधी काय झाले होते? सरदार पटेल नभोवाणी खात्याचे मंत्री असताना 'बदनाम' आयुष्य जगणाऱ्या गायिकांना नभोवाणीचे दार बंद करण्यात आले होते. म्हणजे ज्यांनी ख्याल-ठुमरी सांभाळली त्यांना आधी बाहेर काढले आणि मग उरलेल्यांसाठी निःपक्षपाती पडदा लावला.

पाश्चात्त्य देशांतही हेच दिसते. १९६९ मध्ये न्यू यॉर्क फिलहार्मोनिकविरुद्ध आर्थर डेव्हिस आणि अर्ल मॅडिसन या दोन कृष्णवर्णीय वादकांनी मानवी हक्क आयोगाकडे भेदभावाची तक्रार केली. पडद्यामागून ऑडिशन घ्या, हे त्यांचे म्हणणे होते. १९८० मध्ये म्युनिकच्या वाद्यवृंदाने पडद्यामागून एक ट्रॉम्बोनवादक निवडला. पडदा सरला तेव्हा ती अॅबी कोनंट नावाची बाई निघाली, आणि पुढची कित्येक वर्षे तिला आपल्या जागेसाठी कोर्टात भांडावे लागले. पडद्यामुळे बायकांची संख्या वाढली, हे खरे. पण कृष्णवर्णीय वादक मूठभरच राहिले. म्हणून २०२० मध्ये न्यू यॉर्क टाइम्सचे संगीतसमीक्षक अँथनी टॉमासिनी यांनी उघड लिहिले की नुसता पडदा आता पुरत नाही.

का पुरत नाही? पडदा चेहरा झाकतो. मागची दहा वर्षे झाकत नाही. त्या दहा वर्षांत कुणाला रोज सकाळी गुरूसमोर बसायला मिळाले आणि कोण पाणी भरून, धाकट्याला सांभाळून शाळेत पळाला, हे पडद्याआडूनही ऐकू येते. गाण्यात तर बोलीसुद्धा ऐकू येते. आपल्या मुलीच्या तोंडून 'पाणी'चे 'पानी' निघाले की पडद्याअलीकडे बसलेल्याला तिची वस्ती कळते. ब्रज भाषेतल्या बंदिशीत असले उच्चार रसाळ वाटतात, वस्तीतल्या मुलीच्या तोंडी मात्र अशुद्ध ठरतात!

आपल्याच लोकांचे तीन आक्षेप

पहिला आक्षेप : आपल्याकडे हलगी आहे, जलसा आहे, शाहिरी आहे, शास्त्रीय कशाला? मित्रहो, जलशाचा अभिमान आम्हालाही आहे. भीमराव कर्डकांपासून वामनदादांपर्यंत गाण्याने चळवळ खेड्यापाड्यांत नेली. पण आपल्या इतिहासात गाण्या-वाजवण्याच्या दोन बाजू आहेत. एक चळवळीची, दुसरी गावकीची. डफ आणि हलगी हातात दिली ती गावाच्या वरातीपुढे चालण्यासाठी. संगमनेर तालुक्यातल्या हिवरगावची पवळा तमाशाची मोठी कलावंत झाली, पण तिच्या नाचण्यावर टाळ्या पिटणाऱ्या समाजाने तिला विहिरीवर पाणी भरू दिले असते का? पठ्ठे बापूरावांनी सत्याग्रहासाठी देऊ केलेला पैसा बाबासाहेबांनी नाकारला, कारण तो महार स्त्रियांना नाचवून मिळवलेला होता. हा प्रसंग आपण सगळे सांगतो. त्याचा अर्थ 'गाऊ नका' असा नाही. दुसऱ्याने नेमून दिलेली कला आणि स्वतः निवडलेली कला यांत फरक करा, असा आहे. 'तुमची लोककला तुम्ही करा, आमचे शास्त्रीय आम्ही करतो' ही वाटणी गोड वाटत असली तरी ती बलुत्याचीच वाटणी आहे. बलुते म्हणजे काय हे अकोले तालुक्यातल्या धामणगावच्या दया पवारांनी १९७८ मध्येच लिहून ठेवले आहे.

दुसरा आक्षेप : इथे जीव जातात आणि तुम्ही रागदारीचे काय घेऊन बसलात? हा प्रश्न सोनई, खर्डा आणि जवखेडे पाहिलेल्या जिल्ह्यात विचारला जातो, म्हणून तो झटकून टाकता येत नाही. पण याच जिल्ह्यात, शिर्डीत, मे २०१५ मध्ये एका नर्सिंग शिकणाऱ्या बौद्ध तरुणाला ठार मारण्यात आले. फिर्यादीप्रमाणे कारण काय होते? मोबाईलवर वाजलेली भीमगीताची रिंगटोन. तेव्हा आवाज कुणाचा, कुठे आणि किती मोठ्याने निघावा, हा या जिल्ह्यात किरकोळ प्रश्न नाही. ज्यांना आमची रिंगटोन सहन होत नाही, त्यांच्या सभागृहाच्या मंचावर आमची मुलगी तानपुरा घेऊन बसणे हा त्याच लढ्याचा भाग आहे.

तिसरा आक्षेप : गाण्याने पोट भरत नाही. बरोबर. पण दहावीला शास्त्रीय संगीताच्या मान्यताप्राप्त परीक्षांचे वाढीव गुण मिळतात, आणि ते गुण अकरावीच्या यादीत कुणाला वर ढकलतात? ज्याच्या घरी पेटी आहे त्याला. आपण हे क्षेत्र सोडले की त्याचे गुणही सोडतो.

उन्हाळा कुणाचा मोकळा असतो?

शिबिर मे महिन्यात का? कारण 'मुलांना सुट्टी असते'. कुणाच्या मुलांना? लग्नसराई आणि जत्रा याच दिवसांत असतात. वाजंत्री घरातल्या मुलासाठी चैत्र-वैशाख म्हणजे कमाईचा हंगाम. आपल्या गायन पार्ट्यांसाठी एप्रिल म्हणजे जयंतीचा महिना, त्यानंतर बुद्धपौर्णिमा. ज्या पोरांचे हात आणि गळे खरोखर तयार असतात, ती पोरे नेमकी त्याच दिवसांत कामावर असतात. पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या ऊसतोड टोळ्यांची मुले तर अर्ज भरायच्या काळात आईबापांबरोबर परजिल्ह्यातल्या फडावर असतात. जिल्ह्याचे क्षेत्रफळ सतरा हजार चौरस किलोमीटर, राज्यात सर्वांत मोठा जिल्हा, आणि ऑडिशनसाठी मात्र पुणे-मुंबई गाठायची. हा काळ आणि ही ठिकाणे कुणी मुद्दाम आपल्याविरुद्ध ठरवली, असे आम्ही म्हणत नाही. ठरवताना आपली आठवणच झाली नाही, असे म्हणतो. ती करून देणे आपले काम.

आमच्या मागण्या

१. सरकारी अनुदान, सरकारी सभागृह किंवा करसवलतीच्या देणग्या घेणाऱ्या प्रत्येक शिबिराने निवडलेल्यांची सामाजिक वर्गवारी जाहीर करावी आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा राखाव्यात. जनतेच्या पैशावर चालणारे गुरुकुल खासगी माजघर असू शकत नाही.

२. फॉर्म मराठीत हवा. घराणे, गुरू आणि शिफारसपत्र हे रकाने काढून टाका. फी माफ करा, प्रवासखर्च द्या.

३. आधी शिकवा, मग तपासा. तालुक्याच्या ठिकाणी दोन दिवसांचा वर्ग घ्या, एक सरगम आणि एक ताल शिकवा, आणि दुसऱ्या दिवशी मुलाने किती उचलले ते पाहा. कान आणि ग्रहणशक्ती यांची खरी परीक्षा ती. घरून आणलेली तयारी तपासणे म्हणजे बापाचे पासबुक तपासणे.

४. हलगी, संबळ, ढोलकी वाजवणाऱ्या मुलाला तालवाद्याच्या ऑडिशनला बसू द्या. केरवा आणि दादरा त्याच्या बोटांत असतात, फक्त त्यांची नावे त्याला कुणी सांगितलेली नसतात.

५. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या अनुसूचीत सहावी ते आठवीला शंभरावर मुले असतील तिथे कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक द्यायला सांगितले आहे. जिल्हा परिषदेने किती शाळांत तो दिला, हे माहिती अधिकारात विचारा. समाजकल्याणच्या निवासी शाळांत आणि वसतिगृहांत पेटी, तबला आणि शिक्षक मागा. बार्टी स्पर्धा परीक्षांचे वर्ग घेते, तिने उन्हाळी संगीत वर्गही घ्यावा.

आणि आपण काय करायचे?

मागण्या मान्य होईपर्यंत हात बांधून बसायचे नाही. फोनवर तानपुऱ्याचे अॅप फुकट मिळते. भूप आणि यमन या दोन रागांपासून सुरुवात करा. विहारात सकाळी वंदनेनंतर अर्धा तास स्वरसाधनेला द्या. व्हिडिओ पहाटे काढा, तेव्हा गिरणी बंद असते. दहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी केंद्र सरकारच्या सीसीआरटी संस्थेची शिष्यवृत्ती आहे. तिच्या ६५० जागांपैकी १२५ पारंपरिक कला जोपासणाऱ्या कुटुंबांतल्या मुलांसाठी आहेत. वाजंत्री आणि तमाशा कलावंतांच्या घरी जाऊन हे सांगा, फॉर्म बसून भरून द्या. 'गुरू' या रकान्यात लाजून रेघ मारू नका. ज्या चुलत्याने ढोलकी शिकवली त्याचे नाव लिहा. नकार आला तर कारण लेखी मागा आणि ते आमच्याकडे पाठवा. अशी शंभर कारणे एकत्र ठेवली की 'केवळ गुणवत्ते'चा हिशेब जाहीरपणे मांडता येईल.

बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकत होते. देशाची घटना लिहिलेल्या, प्रकृती ढासळत चाललेल्या माणसाला त्याची काय गरज होती? ते कुणाच्या वरातीसाठी नव्हते, कुणाच्या हुकमावरून नव्हते, पोटासाठीही नव्हते. ज्याच्या पूर्वजांना डफ वाजवायला लावला गेला, त्याने आपल्या मर्जीचे वाद्य आपल्या आनंदासाठी हातात घेतले. तो आनंद आमच्या मुलांनाही हवा आहे, आणि तो भीक म्हणून नको. पुढच्या मार्चमध्ये पत्रके पुन्हा येतील. यंदा जिल्ह्यातून तीन अर्ज गेले. पुढच्या वर्षी प्रत्येक तालुक्यातून किमान तीन गेले पाहिजेत. चौदा तालुके आहेत, बेचाळीस अर्ज होतात. कामाला लागा.

जय भीम!